कस्तुराबाईचं मत

दिवाळी होऊन गेली तरी लिंबाजीची सोयाबीन रानातच होती. गंजी लावलेली, गंजीवर काळं मेनकापड आणि मेनकापडावर दगडं. आभाळ रोज दुपारनंतर भरून यायचं. लिंबाजी बांधावर उभा राहून त्याच्याकडं बघायचा आणि मनातल्या मनात शिव्या घालायचा. गावात सगळ्यांच्या राशी झाल्या होत्या. काहींचा हरभरा उगवूनही आला होता. लिंबाजीचीच तेवढी गंजी राहिली होती, कारण गंजीपर्यंत मळणीचा हडंबा न्यायला वाट नव्हती.

वाट नव्हती म्हणणंही खोटंच. वाट लिंबाजीच्या आज्याच्या काळापासून होती. बेंबळीच्या रस्त्यावरून आत शिरलं की चुलतभावाच्या वावराच्या कडेकडेनं, दोन कडुलिंबांच्या खालून ती सरळ लिंबाजीच्या बांधाला भिडायची. त्या वाटेनं शेणखताच्या गाड्या गेल्या, लिंबाजीच्या लग्नात जगदेवीला घेऊन आलेली गाडीही तिथूनच आली. पण चुलतभाऊ वारला आणि त्याचा पोरगा रणधीर कर्ता झाला. नुसता कर्ता झाला असता तर भागलं असतं, तो पुढारी झाला. ट्रॅक्टर त्याचा, गावात धड चालणारा हडंबा त्याचा, आणि आमदार तात्यासाहेबांच्या गाडीत पुढच्या शिटावर बसायचा मानही त्याचाच. यंदा हडंब्याचं विचारायला गेलेल्या लिंबाजीला तो म्हणाला, "काका, वाट सातबाऱ्यावर दाखवा आन मग या."

आता वाट सातबाऱ्यावर कुठून दाखवायची? वाट माणसाच्या पायानं पडते, तलाठ्याच्या पेनानं नाही. हे लिंबाजीला कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. त्याला कुणासमोरच फारसं बोलता यायचं नाही. तो नुसता चपला हातात धरून रणधीरच्या ओसरीखाली उभा राहिला. ओसरीवर प्रचाराच्या टोप्यांचं पोतं सोडलेलं होतं. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती.

"बसा की काका," रणधीर म्हणाला, पण कशावर ते म्हणाला नाही. मग स्वतःच मुद्द्यावर आला. "तुमचं आन काकीचं मत मशिनीत पडणार. कुणाचं बटण दाबलं ते एक खंडोबाला ठावं. मागच्या टायमाला तुमी डॉक्टरच्या जीपमधी बसून गेलता. माझ्या कानावर आलंय."

डॉक्टर म्हणजे तात्यासाहेबांच्या विरोधातला उमेदवार.

"आरं बाबा, तालुक्याला चाललो हुतो. जीप रिकामी हुती, बसलो."

"असंल. म्या कुठं काय म्हणायलाव? पण तात्यासाहेबाला म्या शबुद दिलाय, आमची सगळी भावकी तुमच्या मागं हाय म्हणून. आन तुमच्या मायचं, कस्तुराआजीचं मत घरीच हुणार हाय. पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांचं मत साहेब लोक घरी येऊन घेत्यात. कागदावर. आजीला डोळ्यानं दिसत न्हाय, तवा म्या शेजारी बसतो. एवढं झालं की हडंबा तुमच्या रानात."

रणधीरच्या डोक्याचं गणित साधं होतं. सगळ्या गावाच्या मतांवर त्याचा संशय होता आणि सगळ्या गावातलं हे एकच मत त्याला स्वतःच्या डोळ्यानं बघायला मिळणार होतं.

लिंबाजीनं मान हलवली. व्हय म्हणाला की नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा शेजारचा गोरोबा तंबाखू मळत ओट्यावर बसला होता. गोरोबा रिकामटेकडा होता, पण टीव्हीवरच्या बातम्या न चुकता ऐकायचा.

"एका मतासाठी एवढा आटापिटा?" तो म्हणाला. "सगळ्या राज्यातनं दोनशे अठ्ठ्याऐंशी जण निवडून जात्यात. निम्म्याच्या वर ज्येच्या बाजूला बसले त्येचं सरकार. आपण हितनं एक पाठवायचा. त्यो कुठल्या बाकावर जाऊन बसतो, ते आपल्याला मागनं टीव्हीवर कळतं. तात्यासाहेबाचं तर बघितलंच की. आपण निवडून दिला ह्या बाकासाठी, मधीच उठून गेला त्या बाकावर. कुणाला इचारलं?"

"इचारत्यात व्हय कुणी?" लिंबाजी म्हणाला.

"आपला खंडोबा बघ. अणदूरहून नळदुर्गाला मुक्कामाला जायचं म्हणलं तर दोन्ही गावचे मानकरी बसून करार करत्यात. देव असून लिवून देतो. आन ह्यो आमदार!"

आतून कस्तुराबाईचा आवाज आला. लिंबाजीची आई. वाकून निम्मी झालेली, पण आवाज खणखणीत. "देवाला माघारी यायचं असतं रं गोरोबा. म्हणून त्यो करार करतो."

गोरोबा हसला. लिंबाजीला हसू आलं नाही. "माय," तो दारातून म्हणाला, "रणधीर तुझ्या शेजारी बसंल. त्यो म्हणंल तिथं खूण कर. एक गंजी तेवढी निघू दे."

आतून सुपात डाळ पाखडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

साहेब लोक आले ते सकाळी. एक मोठा साहेब, एक त्याच्या हाताखालचा, एक पोलीस आणि एक कॅमेरावाला. पुढं शारदा होती. ती अंगणवाडीची ताई, पण मतदारांच्या यादीचं कामही सरकारनं तिच्याच गळ्यात बांधलं होतं. आदल्या दिवशीच येऊन ती सांगून गेली होती, त्यामुळे जगदेवीनं अंगण सारवून ठेवलं होतं आणि निम्मी गल्ली दारात गोळा झाली होती. डॉक्टरचा एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. रणधीर पांढरी विजार आणि पांढरा शर्ट घालून एकदम उंबऱ्यापाशी.

साहेबानं घरात पाट मांडून त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. रणधीर पुढं झाला.

"साहेब, आजीला दिसत न्हाय. म्या नातू हाय तिचा. कागद म्या करतो, ती सांगंल तसा."

"नियमात आहे," साहेब म्हणाला. "दिसत नसेल तर सोबती घेता येतो. पण आधी आजींना विचारू. आजी, दिसतं का तुम्हाला?"

कस्तुराबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन वर्षांमागं शिबिरात मोतीबिंदू काढून आल्यापासून ती फार बोलायची नाही, नुसती बघत बसायची. आताही तिनं साहेबाकडं पाहिलं नाही. तिनं रणधीरला पायापासून वर न्याहाळलं.

"रणधीरा," ती म्हणाली, "तुझ्या इजारीला कुसळं लागल्यात. गुडघ्याच्या खालती. डाव्या पायाला जास्त."

सगळ्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्या विजारीला खरंच कुसळं चिकटली होती.

"कुसळी गवत आमच्याच बांधावर हाय बाबा. सकाळच्या पारी तिकडं कशाला गेलतास?"

रणधीर खाली वाकून कुसळं उपटायला लागला. त्याचं तोंड लाल झालं होतं. कुणीतरी मागं फिसकन हसलं. लिंबाजी मात्र रानाच्या दिशेनं बघायला लागला. हडंब्यासाठी वाट बघायला गेला असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं.

"दिसतंय आजींना," साहेब म्हणाला. "सगळ्यांनी बाहेर व्हा."

पोलिसानं दार लोटून घेतलं. कॅमेरावालाही आडोशाकडं पाठ करून उभा राहिला. आतलं बोलणं मात्र बाहेर ऐकू येत होतं. साहेब समजावून सांगत होता की एकाच नावासमोर खूण करायची, कागद घडी घालून ह्या लहान पाकिटात टाकायचा, लहान पाकीट मोठ्यात. कस्तुराबाईनं विचारलं, "पेन कसा धरायचा?"  रणधीर दाराला कान लावल्यासारखा उभा होता आणि लिंबाजी त्याच्या चेहऱ्याकडं बघत उभा होता, जणू आईनं कुठं खूण केली ते रणधीरच्या तोंडावर उमटणार होतं.

दार उघडलं तेव्हा कस्तुराबाई सहीच्या जागी उठवलेल्या अंगठ्याची शाई केसांना पुसत होती.

"आजी, झालं का बरुबर?" रणधीरनं विचारलं.

"झालं."

"कुठं केली खूण?"

"ओ," पोलीस म्हणाला, "ते विचारायचं नसतं."

साहेब लोकांची गाडी हलायच्या आत लिंबाजी रानाकडं निघाला. दोन लिंबांच्या मधोमध काटेरी बोराटी आडवी टाकलेली होती. नुसती टाकलेली नव्हती, दगडं ठेवून दाबलेली होती. फांद्यांची पानं अजून ताजी होती. म्हणजे मत पडायच्या आधीच रणधीर वाट बंद करून तसाच त्या पांढऱ्या विजारीत दारात आला होता. विश्वास त्याचा आधीच नव्हता.

काट्यातून पाय काढत लिंबाजी गंजीपाशी गेला. मेनकापड उचलून त्यानं हात कोपरापर्यंत आत घातला. आत गरम लागत होतं. हाताला आंबूस वास आला. शेंगा दाबून पाहिल्या तर काही मऊ पडल्या होत्या. अजून दोन-चार दिवस अशीच राहिली तर दाणा काळा पडणार, आणि वरून पाऊस झाला तर मोडच येणार. तो तिथंच बांधावर बसला. वर्षभर अंग मातीत घातलं आणि शेवटी सगळं एका म्हातारीच्या खुणेवर येऊन अडकलं, याचा त्याला राग आला. रणधीरचा यायला पाहिजे होता, पण आला आईचा.

दुपारी रणधीरचा निरोप गोरोबाच्या तोंडी आला. "त्यो म्हणतोय, माझ्या मनात शंका हाय. लिंबाजीकाकानं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलावा. बेलाच्या पानावर हळद घेऊन म्हणावं, की आमच्या मायनं तात्यासाहेबालाच दिलं. लगेच बोराटी काढतो."

भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस त्या गावात कुणी पाहिला नव्हता. ज्यांनी पूर्वी कधी उचलला असं म्हणत, त्यांच्या घरांची जोती तेवढी राहिली होती.

लिंबाजी आईसमोर बसला. "माय, कुणाला दिलंस?"

"साहेबानं सांगितलं न्हाय का, इचारायचं नसतं म्हणून?"

"साहेब गेला. म्या तुझा पोरगा हाय."

"म्हणून तर."

जगदेवी चुलीपुढं बसली होती. तिला राहवलं नाही. "आत्या, गंजी तापायलीय. तुमी तात्यासाहेबाला दिलं असंल तर तसं म्हणा. न्हाय दिलं असंल तरी तसंच म्हणा. तुमाला कोण धरायलंय?"

"व्हय बी म्हणणार न्हाय आन न्हाय बी म्हणणार न्हाय," कस्तुराबाई म्हणाली. "लगीन झालं तवा कुणी इचारलं न्हाय. वाटण्या झाल्या तवा अंगठा धरून उठवला. ह्या येळेला दार लावून एकटीला बसवलं, आन सरकारचा माणूस म्हणला, आजी, तुमच्या मनानं करा. ते मनातलं आता दारात आणून वाळत घालू व्हय?"

लिंबाजी ताडकन उठला. "मग कुजू दे गंजी! तुझं मन खाऊन वरीस काढू!" एवढ्या मोठ्या आवाजात तो आईशी आयुष्यात बोलला नव्हता. नंतर त्यालाच कसंतरी झालं. संध्याकाळी थेंब पडायला लागले तेव्हा तो आणि जगदेवी काटे तुडवत रानात पळाली, होती नव्हती ती घोंगडी-पोती मेनकापडावर टाकून आली. थेंब तेवढ्यावरच थांबले. जगदेवीच्या टाचेत बोराटीचा काटा मोडला. ती लंगडत घरी आली आणि कुणाशी न बोलता भाकरी थापायला बसली.

सकाळी लिंबाजी तोंड धुऊन कुठंतरी गेला. परत आला तो रानात चला म्हणतच. "रणधीरनं बोराटी काढलीया. हडंबा यायलाय."

"कसं काय?" जगदेवीनं विचारलं.

"आली असंल दया."

रणधीरला दया येते हे जगदेवीला पटलं नाही, पण हडंब्याचा आवाज खरा होता. दोन लिंबांखालून ट्रॅक्टर धूर सोडत आला आणि गंजीला लागला. मग विचार करायला कुणाला उसंत मिळाली नाही. जगदेवी गंजीवरून पेंढ्या उपसून द्यायची, लिंबाजी त्या हडंब्याच्या तोंडात सारायचा, गोरोबा खाली पोती धरायचा. भुसा उडून डोळ्यांत, नाकात, कानांत गेला. अंगाला खाज सुटली. लिंबाजी तोंडाला उपरणं बांधून यंत्रासारखा पेंढ्या सारत होता आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. खालच्या थरातली थोडी सोयाबीन काळी निघाली, बाकी दाणा चांगला होता. गोरोबानं मूठभर दाणे वर उडवून झेलले. "वाचलास लिंबाजी," तो म्हणाला.

दुपारी कस्तुराबाई काठी टेकत भाकरीचं फडकं घेऊन आली. कैक महिन्यांनी ती रानात आली होती. हडंबा थांबला. लिंबाजी हात धुऊन लिंबाच्या सावलीत बसला आणि भाकरीसाठी उजवा हात पुढं केला. कस्तुराबाईनं भाकरी दिली नाही. तिनं त्याचा हातच धरला, उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

भुसा, घाम, काळी माती सगळं पाण्यानं गेलं होतं. नखांच्या कडेला मात्र पिवळं राहिलं होतं.

जगदेवीनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. गोरोबा पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेला.

"भंडारा उचललास?" कस्तुराबाईनं विचारलं.

लिंबाजीची मान खाली गेली. "उचलला."

"माझ्या मताचा?"

"गंजी तापली हुती माय. म्या काय करू?" तो म्हणाला. "आता एकदा सांग. म्या देवापुढं खरं बोललो का खोटं, एवढंच सांग. त्येला दिलं असशील तर म्या सुटलो."

कस्तुराबाई त्याचा हात तसाच धरून बसली. तिला पोराची दया येत होती आणि किळसही. "मत माझं हुतं," ती शेवटी म्हणाली. "शपथ तुझी हाय. तुझं तू बघ." आणि तिनं त्याच्या त्याच हातावर भाकरी ठेवली.

त्या दिवसापासून लिंबाजीचं घरात लक्ष लागेना. जगदेवीला साधी शिंक आली तरी तो दचकून खंडोबाला हात जोडायचा. गाय चारा खाईना झाली तेव्हा तो गोठ्यातच बसून राहिला. रणधीर मात्र आता भेटेल तिथं "काका, काका" करत होता आणि हसताना त्याच्या हाताकडं बघत होता. लिंबाजी रस्त्यानं हात धोतरात लपवून चालायला लागला.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग होती. जगदेवी बायकांच्या रांगेत गेली. लिंबाजीच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली आणि तो आडोशाच्या आत शिरला. त्याच्या मनातून तात्यासाहेबाला द्यायचं नव्हतं. मागच्या निवडणुकीत गावाला रस्त्याचं वचन देऊन पाच वर्षं न फिरकलेल्या माणसाला कशाला द्यायचं? बोट डॉक्टरच्या नावापर्यंत गेलंही. तिथून त्यानं ते माघारी घेतलं. घरातलं एक तरी मत तात्यासाहेबाला पडलं तर देव शपथ तेवढी तरी खरी धरील, असं त्याला वाटलं. डोळे मिटून त्यानं बटण दाबलं. शिट्टी वाजली. शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसली आणि खाली पडली.

घरी आला तेव्हा कस्तुराबाई सूप घेऊन डाळ निवडत बसली होती.

"माय," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला, "म्या तात्यासाहेबाला दिलं. मनात नसताना दिलं. तुझ्या बदल्यात."

कस्तुराबाईचे हात थांबले. तिनं त्याच्या डाव्या बोटाची शाई बघितली, उजव्या हाताची नखं बघितली. मग कपाळावर हात मारून घेतला.

"आरं येड्या, म्या बी त्येलाच दिलं हुतं."

लिंबाजी उंबऱ्यावरून तिच्यापुढं सरकला.

"डोळ्याचं शिबिर कुणी भरवलं हुतं? त्येनंच की. बाक बदलू दे न्हायतर आणि काय करू दे, मला दिसायला लागलं. रणधीरला सांगितलं असतं तर ते मत रणधीरचं झालं असतं. न्हाय सांगितलं तवर माझं हुतं. तू भंडारा उचललास, त्यो खराच उचललास. आजचं मत तेवढं फुकट घालवलंस."

लिंबाजीला खरं तर रडू यायला पाहिजे होतं, सुटल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. तो आईच्या तोंडाकडं बघत होता. तिनं मान खाली घातली होती आणि पुन्हा डाळीतले खडे वेचत होती. ती खरं सांगत होती की पोराच्या जिवाची तडफड बघवेना म्हणून आता काहीतरी सांगत होती? त्या दिवशी रानात का नाही सांगितलं? एवढे दिवस का जळू दिलं? त्या आडोशामागं तिच्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि कागद कधीच पाकिटात बंद होऊन गेला होता.

"माय," तो हळूच म्हणाला, "खरंच?"

कस्तुराबाईनं वर पाहिलं. हातातला खडा तिनं बाजूला टाकला.

"सांगितलं तर तुला पटंना," ती म्हणाली. "मग इतके दिवस इचारत कामून हुतास?"